खान्देशातून काइटबोर्डिंगच्या ट्रिपा सुरू करायच्यात, स्पॉट कुठला घेऊ आणि गिऱ्हाईक कुठून आणू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की धुळ्याहून ट्रेकचे ग्रुप नेता आणि आता हतनूर नाहीतर गिरणा धरणावर काइटबोर्डिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर बोर्डवर उभं राहून पाण्यावर धावायच्या खेळाचा, स्पॉट तयार करायचा विचार आहे. मी जळगावहून दक्षिणेत ग्रुप नेतो, काइटचे पण, त्यामुळे जे बघितलंय ते सांगतो.

धरण डोक्यातून काढून टाका. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या फिरतात म्हणजे आपल्याकडे वारा भरपूर असं सगळ्यांना वाटतं, पण त्या पठारावर आणि त्यातही उंच टॉवरवर आहेत, खाली पाण्यावरचा वारा वेगळाच असतो. काइटला साधारण 15 ते 20 नॉट म्हणजे ताशी 28 ते 37 किलोमीटर वारा पाहिजे आणि तो एकसारखा पाहिजे, मे महिन्यात दुपारी आपल्याकडे वावटळ उठते तसला झटक्याचा वारा म्हणजे सरळ अपघात, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की काइटची ओढ चौपट होते. शिवाय दोऱ्याच 20-24 मीटरच्या, त्यामुळे काइट उचलायच्या जागेपुढे वारा जातो त्या बाजूला त्याच्या दुप्पट तरी मोकळं लागतं, आणि धरणाच्या काठाला काय असतं तर बाभळी, विजेच्या तारा, मासेमारीची जाळी. हतनूरला हिवाळ्यात बाहेरचे पक्षी उतरतात ते वेगळंच, आणि पाटबंधारेच्या परवानग्या वर.

म्हणून वारा जिथे आहे तिथे माणसं न्यायची. रामेश्वर घ्या. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा, डिसेंबर ते मार्च ईशान्येचा, मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर पावसाचे, ते सोडून द्या. नंदुरबार, जळगाव, भुसावळ कुठूनही नवजीवन एक्स्प्रेस पकडली की चेन्नई, तिथून रात्रीची गाडी, 2025 मध्ये नवा पांबन पूल झाल्यापासून रेल्वे परत थेट बेटावर जाते. शिकवायचं काम तिथल्या स्कूलला द्या, आयकेओचा (काइटबोर्डिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) इन्स्ट्रक्टर आहे ना एवढं बघा आणि एका इन्स्ट्रक्टरमागे दोनच्या वर शिकाऊ देत असतील तर दुसरीकडे जा. ज्यांना आधीच येतं ते स्वतःचा गिअर घेऊन सरळ श्रीलंकेत कल्पिटियाला जातात, त्यांना आपली गरजच नाही. आपलं गिऱ्हाईक म्हणजे ज्याने काइट फक्त रीलमध्ये बघितलीये तो.

आणि तिथेच लोक फसवतात. जाहिरातीत हवेत दहा फूट उडी मारणारा गोरा माणूस, आणि हा बिचारा पहिल्या दिवशी वाळूत उभा राहून छोटी ट्रेनर काइट फिरवतोय, दुसऱ्या दिवशी बोर्डशिवाय पोटावर पाण्यात ओढला जातोय, त्याला बॉडी ड्रॅग म्हणतात, मग कुठे वॉटर स्टार्ट, म्हणजे पाण्यातून बोर्डवर उभं राहणं. स्वतःचं स्वतः चालवायला साधारण 9 ते 12 तासांचं शिक्षण लागतं. नवीन माणूस घाबरला की बार, म्हणजे काइट चालवायचा हातातला दांडा, स्वतःकडे ओढतो, हात सोडायला तयारच नसतो, आणि बार ओढला की काइट अजून जोर धरते, इन्स्ट्रक्टर मागून ओरडतोय सोड सोड, हा अजून घट्ट धरतोय, मग तोंडावर पाण्यात. बार सोडला असता तर जोर तिथेच कमी झाला असता. माझं मत, हाच व्हिडिओ टाका. पडून उठून हसणारा चाळीसगावचा पोरगा बघून जेवढे फोन येतात तेवढे त्या गोऱ्याला बघून येत नाहीत.

पॅकेज दिवसांवर विकू नका, तासांवर विका. "5 दिवस काइटबोर्डिंग" लिहिलं आणि दोन दिवस वारा पडला की गिऱ्हाईक तुमच्या डोक्यावर बसणार, त्याचं पण बरोबरच आहे. "10 तास शिकवणी, वारा नसेल तर राहिलेले तास पुढच्या सीझनला" असं कागदावर लिहून द्या आणि स्कूलशी पण तसंच आधी ठरवून घ्या. बिनवाऱ्याच्या दिवसाचा प्लॅन मी तर ट्रिपच्या आधी ठरवतो, आणि रामेश्वर मी निवडतो ते यासाठीच. धनुष्कोडी आहे, 1964 च्या वादळात वाहून गेलेलं गाव, कलामांचं स्मारक आहे, आणि मंदिर तर आहेच. आपल्या खान्देशात काशी-रामेश्वर म्हटलं की घरात कोणी नाही म्हणत नाही. पोराला समुद्रात काइट उडवायला पाठवा म्हटलं तर वडील फोन ठेवतात, पण आई-वडिलांना दर्शन, बावीस कुंडांचं स्नान आणि पोराचा सकाळ-दुपार क्लास असं सांगितलं की तेच वडील विचारतात काकांना पण घेतलं तर किती होतील. पुण्या-मुंबईतल्या कुठल्या कंपनीच्या डोक्यात हे येणार नाही, तुमच्या येईल. फक्त शेवभाजी मिळणार नाही हे आधी सांगून ठेवा, इडलीवर भांडणं होतात.

बाकी कागदपत्रं: महाराष्ट्राचं 2021 चं साहसी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीचं बघून घ्या. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये बऱ्याचदा असले खेळ धरत नाहीत, पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचा. आणि बुकिंगचे पैसे घ्यायच्या आधी पोहता येतं का हे विचारा, नुसतं विचारू नका, जळगाव-धुळ्यातल्या कुठल्यातरी टँकवर समोर पोहायला लावा, कारण विहिरीत उड्या मारणारे आपले पोरं सगळेच हो म्हणतात.