अग्निशामक हाताळायला कसा शिकवावा?

प्रश्न : मी स्वयंसेवक म्हणून गृहनिर्माण संस्थांमध्ये अग्निसुरक्षेचे वर्ग घेतो. स्लाइड पाहताना रहिवासी माना डोलावतात, परंतु अग्निशामक हाती देताच त्यांची तारांबळ उडते. काय बदलावे?

उत्तर : व्याख्यान आवरते घ्यावे आणि उपकरण प्रत्येकाच्या हाती द्यावे. घोडे बहुधा पिनेपाशी अडते : घाबरलेला माणूस दांडा आवळून धरतच पिन ओढतो, त्यामुळे ती निघत नाही आणि उपकरणच बिघडले आहे असे त्याला वाटते. म्हणून टाकी जमिनीवर टेकवून, दांडा न दाबता, सील तोडून पिन काढण्याची कृती रिकाम्या उपकरणावर वारंवार करून घ्यावी. त्यानंतरच मोकळ्या जागी, अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली, ट्रेमधील छोट्या आगीवर, वारा पाठीशी घेऊन ज्वाळांच्या मुळाशी फवारा मारायला लावावा. हा फवारा काही सेकंदांतच संपतो, हे कितीही सांगितले तरी प्रत्यक्ष संपल्याशिवाय कोणाला पटत नाही.

गॅसगळतीचा प्रसंग मात्र अभिनयातून शिकवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. अशा वेळी दिव्याचे बटण चालू करू नये हे सर्वांना ठाऊक असते, पण ते बंदही करू नये हे पुष्कळांना (शिकलेल्यांनाही) नवे असते. बाहेर पडून 1906 या क्रमांकावर कळवण्यापर्यंतचा क्रम रहिवाशांकडूनच वठवून घ्यावा.

मुंबई गोदीतील 1944 च्या स्फोटाच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या काळातील प्रात्यक्षिकांसाठी जवळच्या केंद्राकडे आधीच लेखी विनंती करावी.