क्लाच, क्लॅश आणि ओलं धुणं

प्रश्न: जर्मन 'क्लाच'ला इंग्रजीत 'आयडल टॉक' म्हणता येईल का? 'कॉफी क्लॅश' म्हणतात तो हाच का?

'कॉफी क्लॅश' हे आधी बंद करा. मूळ शब्द 'काफेक्लाच'. इंग्रजीत गेल्यावर त्याचा 'कॉफी क्लॅच' झाला. क्लॅश म्हणजे टक्कर. चार जणी कॉफी प्यायला बसल्या, तर टक्कर कुठून आली?

'आयडल टॉक' तर दुसऱ्याच शब्दाचं आहे. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरच्या १९२७ सालच्या ग्रंथातल्या 'गेरेडे'ला, म्हणजे ऐकीव बोलण्याला, १९६२च्या इंग्रजी भाषांतरात ते वापरलं गेलं. हा शब्द आपण हिणवण्यासाठी वापरत नाही, असं तो बापडा बजावून सांगतो. 'आयडल'मध्ये नेमकं ते हिणवणं आलंच! क्लाचला विषय म्हणून एक माणूस लागतो, आणि तो तिथे हजर नसावा लागतो. म्हणून 'गॉसिप'; मराठीत कुचाळक्या. हवापाण्याच्या गप्पा म्हणजे 'श्वात्स', इंग्रजीत 'चॅट'.

खरी गंमत पुढे आहे. 'क्लाचन' म्हणजे टाळ्या वाजवणं आणि कुचाळक्या करणंही. माशा मारायची फटकी ती 'फ्लीगनक्लाचे'. चिंब भिजलेला तो 'क्लाचनास'. म्हणजे ओली, चपटी वस्तू आपटल्याचा फटाक् आवाज. कोशकार 'ध्वन्यनुकारी' एवढं लिहून मोकळे होतात. अहो, पण आवाज कशाचा? माझ्या मते धुण्याचा. साक्ष जर्मनमध्येच आहे: पोकळ बडबडीला 'गेवेश' म्हणतात, तो 'वाशन' म्हणजे धुणं यावरून आलेला, आणि चोंबड्या बाईला 'वाशवाइप', शब्दशः धुणंवाली. हात दगडावर, तोंड शेजारणीवर. हा निव्वळ योगायोग म्हणणाऱ्यांनी पाणवठा पाहिलेला नसावा. आपणही चकाट्या पिटतो, गप्पा झोडतो, हाणतो. रिकामं बोलणं कुणी नुसतं 'करत' नाही, बडवतंच.

आता पंचाईत अशी, की स्कॉटलंडच्या बोलीत 'क्लॅश' म्हणजे कुचाळक्या, आणि चापटही! दोन्ही अर्थ एकाच शब्दात पेलणारा याहून चपखल प्रतिशब्द प्रमाण इंग्रजीत नाही. पण 'कॉफी क्लॅश' म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, तेव्हा त्यांना सूट नाही.