नावाडी पैसे घेऊनच लोकांना पैलतीरी नेत असत, मग रस्त्याच्या कडेला त्यांचे स्मारक कशासाठी?

मोबदला घेतला म्हणून काम लहान ठरत असते, तर वैद्यांचे आणि शिक्षकांचे पुतळेही उभे राहिले नसते. तरीही आपला प्रश्न रास्त आहे, म्हणून एका प्रत्यक्ष स्मारकाच्या आधारे उत्तर देतो.

आइसलंडच्या उत्तर भागात स्कागाफ्योर्दुर हा परिसर आहे. होफ्सयोकुल या विस्तीर्ण हिमक्षेत्राचे पाणी घेऊन येणारी ह्येराद्सवोत्न नदी समुद्राला मिळण्यापूर्वी दुभंगते आणि तिच्या दोन मुखांच्या मध्ये हेग्रानेस हा भाग बेटासारखा उरतो. पश्चिमेकडील मुखाशी, सौदारक्रोकुर गावापासून थोड्याच अंतरावर, योन ओस्मान (१८६२–१९१४) या नावाड्याचा पुतळा रस्त्यालगत उभा आहे. तो राग्नहिल्दुर स्तेफान्सदोत्तिर या शिल्पकर्तीने घडवला. ओस्मान यांनी याच ठिकाणी सुमारे ४० वर्षे लोकांना नदीपार नेले. त्याच काळात सौदारक्रोकुर व्यापाराचे ठिकाण म्हणून वाढत होते, त्यामुळे नदीच्या पूर्वेकडील शेतकऱ्याला बाजार गाठायचा तर हे पाणी टाळता येत नसे.

हिमनद्यांचे पाणी गढूळ असते, त्यामुळे तळ दिसत नाही. उन्हाळ्यात ऊन वाढले की बर्फ वितळून पातळी चढते आणि वाळूचा तळ सतत सरकत असल्याने काल जेथून उथळ पाण्यातून नदी ओलांडता आली, तेथून आज ती ओलांडता येईलच असे नसते. मुखाशी तर नदीचा ओढा, भरतीचे पाणी आणि समुद्रावरचा वारा या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. घोड्यांवरील ओझी उतरवून माणसे आणि माल नावेत घेत, आणि घोड्यांना नावेमागे पोहत न्यावे लागे. बिथरलेला घोडा नाव उलटवू शकत असे, आणि त्या थंड पाण्यात पडलेल्या माणसाला फार वेळ तग धरता येत नाही. काही ठिकाणी दोन्ही काठांना बांधलेल्या दोराच्या आधाराने सपाट तराफा ओढून नेत. त्यामुळे वल्ह्यांचे श्रम वाचत, पण पाण्याचा अंदाज घेणे काही चुकत नसे.

माझ्या मते नावाड्याचे मोठेपण दंडातील बळापेक्षा या अंदाजात होते. आज जाता येणार नाही, असे म्हणणे त्याच्यासाठी सर्वांत अवघड असे. कारण तसे म्हटले की उतारू रागावतो आणि मिळकतही बुडते. आपण पैशांचा मुद्दा काढला आहे, पण नकार देण्यासाठी त्याला कोणी पैसे देत नव्हते. पूल आल्यावर हा निर्णय घेणारा माणूसच अनावश्यक झाला.

नावाड्यांची जागा पुलांनी एकदम घेतली नाही. दक्षिणेत ओल्फुसा नदीवर १८९१ मध्ये आणि थ्योर्सा नदीवर १८९५ मध्ये पूल झाले. मात्र स्केदारा नदीवरील पूल पूर्ण होऊन देशाला वळसा घालणारा रस्ता सलग होण्यास १९७४ उजाडले. (पुढे १९९६ मध्ये हिमनदीखालील ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर आलेल्या महापुराने तेथील पुलांचीही मोडतोड केली, आणि पिळवटलेल्या पोलादी तुळया आज रस्त्याकडेला ठेवलेल्या आहेत. म्हणजे पुलांचेही स्मारक झालेच.)

‘अज्ञात नावाडी’ अशी सर्वसाधारण मूर्ती उभारण्यापेक्षा नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि कामाची जागा ठाऊक असलेल्या एका माणसाचा पुतळा मला अधिक योग्य वाटतो. पुतळ्यात मात्र धिप्पाड देह दाखवता येतो, घेतलेला अंदाज दाखवता येत नाही. म्हणून असे स्मारक जेथे उभारले जाईल तेथे शेजारच्या फलकावर नाव कोठून सुटत असे, कोणत्या ऋतूत ती बंद राही आणि पूल कोणत्या वर्षी झाला, एवढा मजकूर असावा.