ब्रिस्टल बेला खलाशी म्हणून जायचं असेल तर

तू विचारलंस ते थोडक्यात असं: मामांनी तुझ्या आईसाठी केलेल्या अर्जावर तुम्हा सगळ्यांची ग्रीन कार्डं झाली, मे महिन्यात अँकरेजला उतरणार. कायमची नोकरी शोधण्याआधी अलास्कातल्या ब्रिस्टल बेत सॅल्मन मासेमारीचा एक हंगाम करावा का? आणि हर्णैला वडिलांच्या होडीवर वाढलास त्याचा उपयोग होईल का?

मी दोन हंगाम केलेत. माझं उत्तर: जा. पण बोट बघून जाऊ नकोस, तांडेल बघून जा. तिथे त्याला स्किपर म्हणतात.

ग्रीन कार्ड आहे म्हणूनच जा म्हणतोय. एच-१बी, विद्यार्थी किंवा टुरिस्ट व्हिसावर असं डेकवर काम करता येत नाही. गावातल्या कुणाला एजंट पैसे घेऊन तसं पाठवतो म्हणत असेल तर त्याला आजच अडव.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात. साधारण तेवढ्याच दिवसांत तिकडचा हंगाम उरकतो. सॉकाय सॅल्मन समुद्रातून नद्यांकडे वळतो, जोर ४ जुलैच्या आगेमागे. २०२२ साली जवळपास ७ कोटी ९० लाख मासे आले होते. अँकरेजहून रस्ता नाही. विमानाने किंग सॅल्मन, तिथून पंधरा मैलांवर नाकनेक. बोट बत्तीस फुटांची, त्याहून लांब कायद्याने चालत नाही. त्यात तीन-चार माणसं आणि दीडशे वाव (नऊशे फूट) गिलनेट, म्हणजे माशाला कल्ल्यात अडकवणारं जाळं.

जाळं कधी टाकायचं ते सरकारी खातं ठरवतं. नदीकाठच्या मचाणांवरून माणसं वर जाणारे मासे मोजतात. अंडी घालायला पुरेसे वर गेले की रेडिओवर वेळ जाहीर होते. आपल्या बांगड्याची इतकी काळजी घेतलेली मी कधी पाहिली नाही, म्हणून मला ते फार भावलं.

पहिल्या जुलैतली एक पहाट सांगतो. जाळं सोडून पाच मिनिटं झाली नसतील, जाळं तरंगत ठेवणाऱ्या बोयांच्या रांगेत पांढरं पाणी उडायला लागलं. मग बोये एकेक करून बुडाले. मासा कल्ल्यात अडकलेला असतो. जाळ्याचा तंगूस (नायलॉनचा दोरा) हुकाने उचलायचा, मासा झटकून बाहेर, लगेच पुढचा. असं संध्याकाळपर्यंत. तिसऱ्या दिवशी बोटं मिटेनात, चहाचा मग दोन्ही तळहातांत धरून प्यायलो. ते बधिरपण ऑगस्ट संपेपर्यंत राहिलं. हातमोजे डझनभर जोड ने.

उधाण-भांग, म्हणजे मोठ्या-लहान भरतीचे दिवस, तुला शिकवायला नको, प्रवाहात जाळं कुठे वाहत जाईल हेही तुला कळतं. शहरातून आलेल्या पोरांच्या तू खूप पुढे असशील. पण तिथे भरती-ओहोटीचा फरक वीस फुटांवर जातो, बोट बघता बघता चिखलात बसते. आणि पाणी इतकं गार की पडलास तर पोहता येण्याचा फार वेळ उपयोग नाही. हर्णैला लाइफ जॅकेट कोणी घालत नाही. तिथे डेकवर पाय ठेवशील तेव्हा घाल. हे मी तुझ्या आईला शब्द दिल्यासारखं सांगतोय.

आता पैसे. पगार नाही, वाटा. नवख्याला साधारण १० टक्के. भाव पौंडावर, आणि तो पुष्कळदा हंगाम निम्मा सरल्यावर कळतो. २०२३ साली मूळ भाव ५० सेंट निघाला, आदल्या वर्षी त्याच्या दुपटीहून जास्त होता. बोटीने एक लाख पौंड मासा दिला तर ५० सेंटने ५०,००० डॉलर, तुझे ५,०००. पण १० टक्के कशाचे, हे आधी विचार. मला तोंडी १० सांगितले होते. हिशोबाला बसलो तेव्हा डिझेल, किराणा, फाटलेलं जाळं, सगळं आधीच वजा. कागद नव्हता, गप्प बसावं लागलं. तू लिहून घे. मासा टेंडर बोटीवर (मासे गोळा करून नेणारी मोठी बोट) उतरवला की वजनाचं फिश टिकट मिळतं, त्या प्रत्येकाचा फोटो काढ. कर कापून येत नाही, नंतर भरावा लागतो. निदान चौथा हिस्सा बाजूला ठेव.

क्रू लायसन्स, म्हणजे खलाशाचा परवाना, कामाला लागण्याआधी काढ. ते असलं की दुखापत झाल्यास अलास्काच्या फिशरमेन्स फंडातून औषधपाण्याला मदत मिळू शकते.

तांडेल कसा ओळखायचा? गेल्या वर्षीचे खलाशी परत येतायत का, एवढं विचार, आणि त्यांच्यातल्या एकाला स्वतः फोन कर. नाव सांगायला कचरला तर दुसरी बोट बघ. परतीच्या विमानाचे पैसे तुझ्याच खात्यात असू देत, म्हणजे नको वाटलं तर निघता येईल.

अँकरेजला आलास की घरी ये. माझे रबरी बूट आणि रेनकोट-पँट पडून आहेत, मापाला बसले तर घेऊन जा.