वाचकांचे प्रश्न : गिटारचा टोन, पेडल आणि ॲम्प

मागील अंकातील लेखात मी ओघात लिहिले होते की, ध्वनिमुद्रणाला जाताना माझ्याकडे एक गिटार, चार पेडल (आवाजाला रंग देणारे, पायाने चालू-बंद करायचे डबे) आणि दोन चांगल्या केबल एवढेच सामान असते. त्या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक पत्रे आली. सर्वांनाच येथे उत्तर देणे शक्य नाही. ज्या प्रश्नांत अनेकांची अडचण सामावलेली आहे, असे पाच निवडले आहेत.

प्रश्न : मी कोल्हापूरमधील एका वाद्यवृंदात आठ वर्षे लीड गिटार वाजवतो. माझ्याकडे अकरा पेडल आहेत. घरी टोन अतिशय भरदार वाटतो. पण कार्यक्रमात कीबोर्ड आणि ड्रम सुरू झाले की गिटार ऐकूच येत नाही. आवाज वाढवला तर गायक तक्रार करतात. आणखी कोणते पेडल घ्यावे?

उत्तर : कोणतेही घेऊ नये. आपली अडचण पेडलची नसून जागेची आहे, आणि ती जागा घरी एकट्याने वाजवताना दिसतच नाही.

गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सुमारे 82 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 82 कंपनांचा, स्वर निघतो. त्या पट्ट्यात आधीच बेस गिटार आणि बेस ड्रम बसलेले असतात. वरच्या टोकाला झांजा आणि हाय-हॅट असतात. मधला भाग गायकाचा आणि कीबोर्डचा. म्हणजे गिटारला राहते ती साधारण 500 ते 3,000 हर्ट्झमधील जागा, आणि तीसुद्धा गायक श्वास घेतो तेव्हा पूर्ण मिळते, एरवी वाटून घ्यावी लागते. आता घरी काय होते ते पाहा. आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्जाचे आणि अतितीव्र स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवले. त्यामुळे रात्री हळू आवाजात वाजवताना आपण नकळत बेस (खर्ज) आणि ट्रेबल (तीव्र स्वर) वाढवतो, मिड (मधला पट्टा) कमी करतो आणि तो टोन कानाला गोड लागतो. तोच टोन मंचावर नेला की आपण नेमकी आपली जागा रिकामी करून दुसऱ्यांच्या जागेत उभे राहिलेले असतो. मग आवाज वाढवला तर ऐकू येण्याऐवजी गढूळपणाच वाढतो, आणि गायकाची तक्रार रास्त ठरते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका गाण्यासाठी आठ बारचा रीदम पीस वाजवायचा होता आणि मी दोन वर्षे जमवलेला संपूर्ण पेडलबोर्ड घेऊन गेलो होतो. टेक झाला, हेडफोनमध्ये गिटार भिंतीसारखी उभी वाटली, मी समाधानाने बाहेर आलो. रेकॉर्डिस्टने मला बसवून घेतले. त्यांनी माझ्या ट्रॅकचा 200 हर्ट्झच्या खालचा बहुतेक भाग काढला, गेनमुळे, म्हणजे आवाज फाटेपर्यंत सिग्नल वाढवल्यामुळे, आलेली वरची चरचर काढली आणि उरलेला ट्रॅक एकटा ऐकवला. तो इतका पातळ होता की मला वाईट वाटले. मग त्यांनी पूर्ण गाणे लावले. त्या पातळ गिटारचा प्रत्येक ठोका ढोलकीच्या शेजारी स्वच्छ ऐकू येत होता. त्यानंतर त्यांनी माझा मूळ ट्रॅक लावला आणि गिटार गाण्यात बुडून गेली. त्या दहा मिनिटांत मला जे कळले, ते कोणत्याही दुकानात विकत मिळाले नसते.

तेव्हा पुढच्या तालमीत असे करावे. सर्व पेडल बाजूला ठेवून गिटार थेट ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) जोडावी. संपूर्ण वाद्यवृंद वाजत असताना, कार्यक्रमात असतो तेवढ्याच आवाजात, आधी बेस मनाला पटेल त्याहून थोडा अधिक कमी करावा, मिड हळूहळू वर न्यावा आणि ट्रेबल केवळ शब्दातील व्यंजनांसारखा आघात स्पष्ट होईल इतकाच ठेवावा. एक गोष्ट लक्षात असू द्यावी की, फेंडर पद्धतीच्या ॲम्पमध्ये सर्व कळा मध्यावर ठेवणे म्हणजे सपाट टोन नव्हे. त्या रचनेत मध्यावरही मिड बराच दबलेला असतो. कळांवरील आकडे पाहू नयेत, कान द्यावा.

यानंतर एकच ओव्हरड्राइव्ह (स्वर किंचित फाटवणारे पेडल) जोडावे आणि त्याचा गेन सध्याच्या निम्मा ठेवावा. गेन वाढला की स्वराचा आघात आणि त्याची शेपटी जवळजवळ सारख्याच पातळीवर येतात; एकट्याने ऐकताना हे भरदार वाटते, पण समूहात कानाला पकडायला कंगोराच उरत नाही. आयबानेझ कंपनीचे ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह आणि त्या घराण्यातील पेडल इतकी वर्षे टिकून राहिली, त्याचे कारणही येथेच आहे: ती खर्ज कापतात आणि 700 हर्ट्झच्या आसपासचा भाग उचलून धरतात. एकट्याने वाजवून पाहणाऱ्याला ती नाकात बोलल्यासारखी वाटतात, आणि वाद्यवृंदात तोच गुण कामाला येतो.

प्रश्न : ती चार पेडल कोणती, हे आपण लिहिले नाही. आणि मोठे सेशन वादकही (ध्वनिमुद्रणापुरते बोलावले जाणारे) खरोखर इतकेच सामान वापरतात का? (मडगाव)

उत्तर : ट्यूनर (तारा सुरात लावण्यासाठी), कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारे), ओव्हरड्राइव्ह आणि डिले (प्रतिध्वनी देणारे). कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण मी ती बदलत आलो आहे आणि ऐकणाऱ्या कोणाच्याही ते कधी लक्षात आले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरसकट देता येणार नाही. ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत उपकरणांचे कपाटाएवढे रॅक घेऊन येणारे उत्तम वादक होते आणि त्या काळच्या संगीताला ते हवेही होते. पण मला ज्यांच्याकडून शिकायला मिळाले ते दुसऱ्या टोकाचे. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओतील स्टीव्ह क्रॉपर यांचा साठच्या दशकातील आवाज म्हणजे एक टेलिकास्टर गिटार आणि फेंडरचा हार्वर्ड हा लहानसा ॲम्प. त्यांच्या वादनात स्वर कमी आणि विराम नेमके असतात. त्यामुळे गायकाला कधी वाट काढावी लागत नाही. लॅरी कार्लटन हे नाव गिब्सन 335 या गिटारशी जोडलेले आहे. 1976 च्या एका अल्बममधील त्यांचे अतिशय गाजलेले सोलो हीच गिटार आणि फेंडरचा लहान ट्वीड डिलक्स ॲम्प यांवर वाजवलेले आहे. तेथील ओव्हरड्राइव्ह हा ॲम्पचा आवाज भरपूर वाढवल्याचा परिणाम आहे, पायाखालच्या डब्याचा नव्हे.

आपल्याकडील परंपराही तपासून पाहावी. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत संपूर्ण वाद्यवृंद एकत्र बसवून टेक घेतले जात. एकाची चूक झाली तर सर्वांना पुन्हा वाजवावे लागे. अशा ठिकाणी कळा फिरवत बसण्याची सोय नव्हती. गिटारवादकाला वाद्य जोडल्यावर काही मिनिटांतच संयोजकाला हवा तो आवाज द्यावा लागे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील भूपिंदर सिंग आणि भानू गुप्ता यांचे काम लक्ष देऊन ऐकावे. त्यांची बोटे वाद्यापासून किती वेगवेगळे रंग काढतात, हे आपल्या गोव्यातील वाचकांना मी वेगळे सांगायला नको. त्या स्टुडिओंचे वाद्यवृंद उभे करण्यात गोव्याच्या संगीतकारांचा वाटा फार मोठा होता.

सेशन वादकाने सामान कमी ठेवण्याचे माझ्या मते खरे कारण हे की, गाणे दुसऱ्याचे असते. संयोजक म्हणतो, "जरा उबदार हवे." त्या वेळी मी आधी गिटारच्या व्हॉल्यूमची कळ दहावरून सातवर आणतो, गिटारच्या मानेजवळचा पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) निवडतो आणि उजवा हात ब्रिजपासून, म्हणजे तारांच्या खालच्या आधारापासून, दोन बोटे मानेकडे सरकवतो. बहुतेक वेळा काम तेथेच होते. ज्याला आपली चार पेडल डोळे मिटून हाताळता येतात, त्याचे लक्ष गाण्यावर राहते. ज्याच्याकडे चौदा असतात, त्याचे लक्ष जमिनीवर राहते.

प्रश्न : डोंबिवलीत दोन खोल्यांच्या घरात राहतो. 22 वॉटचा ट्यूब ॲम्प घ्यावा की संगणकावरील ॲम्प मॉडेलर? जाणकार मित्र म्हणतो की ट्यूबशिवाय टोन नाही.

उत्तर : आपल्या घरासाठी मॉडेलर, म्हणजे ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारी प्रणाली, घ्यावा, आणि तो घेताना मन खट्टू करू नये. फेंडर डिलक्स रिव्हर्बसारखा 22 वॉटचा ॲम्प नावाला लहान असला, तरी त्याचा आवाज खुलतो त्या पातळीला शेजारच्या तीन घरांत तो ऐकू जाईल. वॉटचे गणितही फसवे असते: शक्ती दुप्पट केली तर पातळी केवळ 3 डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती साधारण दहापट लागते. म्हणून पाच वॉटचा ॲम्पही बंद खोलीत मोठाच असतो.

मात्र मॉडेलर वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. गिटारचा स्पीकर सुमारे 5,000 हर्ट्झच्या वरचा भाग जवळजवळ गाळून टाकतो. म्हणून मॉडेलरमधील स्पीकर कॅबिनेटचा भाग कधीही बंद ठेवू नये, अन्यथा ओव्हरड्राइव्ह डब्यात अडकलेल्या माशीसारखे ऐकू येते. दुसरे म्हणजे एकच ॲम्प आणि एकच कॅबिनेट निवडून त्यावर तीन महिने काढावेत. मॉडेलरमध्ये शेकडो पर्याय असतात आणि संध्याकाळचे दोन तास ते पाहण्यातच जातात, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत वारंवार पाहिले आहे.

पुढे कधी खरा ॲम्प मायक्रोफोनने रेकॉर्ड करण्याची संधी मिळाली, तर हा प्रयोग अवश्य करावा. साधा शूअर एसएम 57 मायक्रोफोन स्पीकरच्या जाळीजवळ मध्यबिंदूसमोर धरावा आणि वाजवणाऱ्याला तोच कॉर्ड वाजवत राहायला सांगून तो हळूहळू कडेकडे सरकवावा. मध्यावर कडक, झळझळीत आवाज येतो. दोन-तीन सेंटिमीटर सरकले की धार उतरते. कडेला पोहोचेपर्यंत तो मऊ आणि काळसर होतो.

प्रश्न : पेडलचा क्रम काय असावा आणि डिलेचा वेळ कसा ठरवावा? (पुणे)

उत्तर : ट्यूनर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह आणि शेवटी डिले. डिले ओव्हरड्राइव्हच्या आधी आला तर प्रत्येक प्रतिध्वनी पुन्हा फाटतो आणि सगळे एकमेकांत मिसळते. वेळेसाठी 60,000 ला गाण्याच्या लयीने, म्हणजे मिनिटातील ठोक्यांनी, भागावे. उत्तर मिलिसेकंदांत येते. लय 100 असेल तर एका ठोक्याला 600 मिलिसेकंद आणि पाऊण ठोक्याला 450. प्रतिध्वनी बंद केल्यावर काहीतरी गेले असे जाणवावे, पण चालू असताना तो वेगळा दिसू नये, इतकीच त्याची पातळी ठेवावी.

प्रश्न : गणेशोत्सवातील मंडपांत वाजवताना गिटारमधून सतत घूं असा आवाज येतो. तारांना हात लावला की कमी होतो. एकदा माइकला ओठ लागल्यावर झटकाही बसला. पेडल खराब असतील का? (सातारा)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य वाचून मला काळजी वाटली, म्हणून आधी त्याविषयी. तो झटका पेडलचा नाही. गिटारच्या तारा ॲम्पमार्फत आणि माइकची जाळी मिक्सरमार्फत अर्थिंगला जोडलेली असते. दोघांना वीज वेगवेगळ्या ठिकाणांहून दिलेली असली, किंवा एकीकडे अर्थिंगच नसले, तर त्या दोन धातूंमध्ये व्होल्टेज उभे राहते. एक हात तारांवर आणि ओठ जाळीवर, म्हणजे प्रवाह आपल्या शरीरातून जातो. पावसाळी हवेत, ओल्या जमिनीवर हे जिवावर बेतू शकते. घूं आवाज थांबावा म्हणून ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला मंडपांत सर्रास दिला जातो. तो कृपया कधीही ऐकू नये. दोन उपकरणांच्या जोडणीमुळे घूं येत असेल, तर डीआय बॉक्सवरील (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या पेटीवरील) ग्राउंड लिफ्टचे बटण वापरावे. ते केवळ सिग्नलची जोडणी तोडते, सुरक्षेची नाही.

आता आवाजाविषयी. हात लावल्यावर घूं कमी होतो, याचा अर्थ तारांची जोडणी ठीक आहे आणि आपले शरीर भोवतालच्या विजेचा जो गोंगाट गोळा करते तो तारांवाटे निघून जातो. गिटारच्या आतील पोकळीला तांब्याची पट्टी लावून घेतली तर यात बराच फरक पडेल. सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप असल्यास रोषणाईच्या डिमरचा आवाजही त्यात शिरतो. मंचावर उभे राहून हळूहळू वळावे, एका दिशेला तो स्पष्टपणे कमी होतो, आणि मग त्याच दिशेला तोंड करून वाजवावे. पेडल एकाच ॲडॉप्टरवर साखळीने जोडली असतील, तर विशेषतः डिलेमधून बारीक शिटी येते. त्यावर प्रत्येक पेडलला स्वतंत्र, विलग पुरवठा देणारा पॉवर सप्लाय हाच उपाय आहे. माझ्या मते नव्या पेडलआधी पैसे त्यावर खर्च करावेत.

आणि यंदाच्या पहिल्या कार्यक्रमापूर्वी एक साधा मल्टिमीटर घेऊन ठेवावा. सर्व यंत्रणा सुरू झाल्यावर तो एसी व्होल्टेजवर लावून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरे माइकच्या जाळीला टेकवावे. आकडा एक-दोन व्होल्टच्या वर गेला, तर मंडपाच्या वायरमनला बोलावून ॲम्प आणि मिक्सर एकाच, अर्थिंग तपासलेल्या बोर्डावर घ्यायला सांगावे, आणि तो आकडा खाली येईपर्यंत गिटार गळ्यात घालू नये.