डिफेन्समध्ये आधी कोण उचलायचा, हे बाजारभावावरून ठरतं

तुम्ही विचारलंय : डॅलसला नवीन आलोय, ऑफिसात सगळे काउबॉइज या इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या ड्राफ्टवर, म्हणजे कॉलेजमधले नवे खेळाडू पाळीपाळीने उचलण्यावर, बोलतात, डिफेन्स गळका आहे म्हणे. मग पहिल्या फेरीत लाइनबॅकर घ्यावा, कॉर्नर (मागे कडेला राहून पास अडवणारा) घ्यावा की पुढच्या लाइनमधला कुणी? मधोमध उभा राहून सगळ्यांना सूचना देणारा लाइनबॅकरच सर्वांत महत्त्वाचा नाही का?

आधीच सांगून टाकतो, मी फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि पक्का ईगल्सवाला आहे, म्हणजे काउबॉइजच्या कट्टर प्रतिस्पर्धी टीमचा. काउबॉइजला सल्ला देणं आमच्याकडे पाप समजतात. असो.

मैदानात कोण महत्त्वाचा, हा ड्राफ्टचा प्रश्नच नाही. प्रश्न असा की हाच माणूस तयार झाल्यावर बाजारातून आणायचा म्हटला तर केवढ्याला पडेल? इथे आयपीएलसारखी बोली लागत नाही. २०११च्या करारापासून नव्या पोराचा पगार तो कितव्या नंबरला उचलला यावर ठरतो, पोझिशनवर नाही. दहाव्या नंबरचा सेफ्टी (सर्वांत मागे राहणारा) आणि दहाव्या नंबरचा एज रशर (कडेने धावून जाणारा), पहिली चार वर्षं दोघांना जवळपास सारखेच पैसे. बाजारात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. २०२५ मध्ये ग्रीन बे टीमने मायका पार्सन्स या एज रशरला वर्षाला सरासरी ४.७ कोटी डॉलर कबूल केले. त्याच वर्षी फ्रेड वॉर्नरला, म्हणजे लाइनबॅकरमधल्या अव्वल माणसाला, साधारण २.१ कोटी. निम्म्याहून कमी! म्हणजे स्वस्तात मिळालेला एज रशर टीमचे जेवढे पैसे वाचवतो तेवढे लाइनबॅकर कधीच वाचवणार नाही.

म्हणून माझा क्रम : कडेने क्वार्टरबॅकवर, म्हणजे समोरच्या बॉल फेकणाऱ्यावर, धावून जाणारा एज, मग मधून घुसणारा डिफेन्सिव्ह टॅकल, मग कॉर्नर. लाइनबॅकर आणि सेफ्टी त्यानंतर.

पैशाशिवाय दुसरं कारण शरीराचं. टॅकल जॉर्डन डेव्हिस बघा. ६ फूट ६ इंच, ३४१ पौंड, म्हणजे दीडशे किलोच्या वर, आणि हा गडी ४० यार्ड ४.७८ सेकंदांत धावला. असले देह दरवर्षी उगवत नाहीत. २०२२ मध्ये ईगल्सने त्याला १३व्या नंबरला घेतला, पुढच्या वर्षी जेलन कार्टरला नवव्या. तेव्हा त्याच जागेवरचा फ्लेचर कॉक्स अजून खेळत होता, जागा रिकामी नव्हती. मीच चिडलो होतो, पुन्हा टॅकल कशाला? कॉक्स मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाला आणि गोष्ट माझ्या डोक्यात शिरली.

२०२४ मध्ये मात्र आधीच्या हंगामात पार उघडं पडलेलं मागचं दार लावलं. २२व्या नंबरला क्विन्यॉन मिचेल, ४०व्या नंबरला कूपर डीजीन, दोघे कॉर्नर. पहिल्या फेरीत कॉर्नर घ्यायची ईगल्सची ही २००२ नंतरची पहिलीच वेळ.

फळ दिसलं फेब्रुवारी २०२५च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात. आमच्याकडे त्या रात्री बटाटेवडे होते आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये कुणाचंच ताटाकडे लक्ष नव्हतं. समोरचा क्वार्टरबॅक माहोम्स लागोपाठ दोनदा सॅक झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आत पाडला गेला, तिसऱ्या डाउनला (तिसऱ्या प्रयत्नात) १६ यार्ड हवे होते, त्याने पळता पळता बॉल फेकला आणि डीजीनने तो मधेच पकडून ३८ यार्ड धावत टचडाउन केला. पोराचा २२वा वाढदिवस होता. त्या अख्ख्या सामन्यात ईगल्सने एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणूस धाडला नाही. पुढचे चौघंच पुरले, सहा सॅक, आणि मागे सात जण पास अडवायला मोकळे. लाइन चांगली असली की कॉर्नरही जास्त चांगला दिसतो, तो असा.

आणि तुमचा लाडका लाइनबॅकर? तो होता झॅक बॉन. आधीच्या टीमने, सेंट्सने, फारसा न वापरलेला, ईगल्सने एका वर्षासाठी ३५ लाख डॉलरला आणलेला. त्या हंगामात तो ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला. माणूस मोलाचाच होता, पण मिळाला भंगाराच्या भावात.

आता तुमच्या टीमचं. २०२०च्या हंगामात काउबॉइजनी ४७३ गुण दिले होते. २०२१च्या ड्राफ्टला त्यांचा डोळा कॉर्नरवर होता, पण जेसी हॉर्न आठव्याला गेला आणि पॅट्रिक सर्टन नवव्याला. मग त्यांनी दहावा नंबर चक्क आम्हाला विकला, बदल्यात आमचा १२वा घेतला, वर तिसऱ्या फेरीचा एक पिक (उचलायची पाळी) उकळला आणि १२व्याला तोच मायका पार्सन्स घेतला. कागदावर लाइनबॅकर. पहिल्याच वर्षी १३ सॅक, कारण त्याला कडेवरून सोडायला लागले. कागदावर काय लिहिलंय ते सोडा, तो क्वार्टरबॅकपर्यंत पोचतो का बघा.

उलट २०२३ मध्ये रन, म्हणजे समोरच्यांचं बॉल घेऊन धावणं, थांबत नाही म्हणून २६व्या नंबरला मॅझी स्मिथ हा टॅकल. भोक दिसलं, बूच लावलं. तिसरा हंगाम संपायच्या आत त्याला दुसऱ्या टीमकडे धाडलं.

माझा क्रमही काही वेदवाक्य नाही. ईगल्सनेच २०१४ मध्ये २६व्या नंबरला मार्कस स्मिथ नावाचा पास रशर घेतला आणि तो साफ फसला. तुमचा डॅरन ब्लँड तर पाचव्या फेरीतला कॉर्नर, २०२३ मध्ये त्याने समोरच्यांचे पाच पास मधेच पकडून थेट टचडाउनपर्यंत नेले, हा विक्रम. आणि गंमत म्हणजे सुपर बोल जिंकल्यावर अडीचच महिन्यांनी ईगल्सने पहिल्या फेरीत जिहाद कॅम्पबेल घेतला, तो लाइनबॅकरच! फक्त ३१व्या नंबरला, जिथे पगारही कमी आणि चांगले एज रशर बहुतेक संपलेले असतात. दहाव्याला घेतला असता तर मी इथे शिव्या घातल्या असत्या.

तेव्हा ऑफिसात आधी विचारा, यंदा आपला नंबर कितवा. विसाच्या आत असेल तर लाइनबॅकरचं नाव काढू नका. शेवटी शेवटी असेल तर तुमचं म्हणणं खुशाल मांडा, फक्त हे ईगल्सवाल्याकडून ऐकलं असं सांगू नका.