तासांची सही आणि नावांचं रजिस्टर

तुझी पोस्ट काल रात्री वाचली. एमए मानसशास्त्राचं दुसरं वर्ष, विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात प्लेसमेंट (म्हणजे अभ्यासक्रमासाठी ठरावीक तास तिथे बसून प्रत्यक्ष समुपदेशन शिकायचं), तीन आठवड्यांत चारच मुलं, आणि वर ऑफिसचा निरोप: ‘आलेल्या विद्यार्थ्यांची नावं, वर्ग आणि येण्याचं कारण लिहून द्या, मग तासांच्या पत्रावर सही होईल.’ तू विचारलंयस, देऊन टाकू का? खाली दोघातिघांनी ‘दे गं, कोण वाचतंय’ असं लिहिलंय. ते बघून राहवलं नाही. मी दिली होती. आणि वाचली गेली.

(तुला ‘तू’ म्हणतेय. दर वर्षी तुझ्याच वयाच्या मुली माझ्याकडे शिकायला असतात, त्यामुळे तेच तोंडात बसलंय. खटकलं तर सांग.)

संमतीपत्र, पहिल्या सत्रात काय बोलायचं, नोंदी कशा ठेवायच्या, हे तुला वर्गात झालं असणार. ते सोडते. थेट रजिस्टरवर येते.

२०११ सालची गोष्ट. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, तिथे आता सगळी माणसं वेगळी आहेत. केंद्र म्हणजे तळमजल्यावर जिन्याखालची खोली. एक टेबल, दोन धड खुर्च्या, एक मोडकी, आणि कोपऱ्यात गॅदरिंगचे ढोल. आम्हाला १२० तास भरायचे होते. पहिला महिना-दीड महिना माझ्याकडेही कुणी फिरकलं नाही, तेव्हा तुझे चार बघून खचू नकोस. गणपतीनंतर मुलं यायला लागली, आठवड्याला पाच-सहा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझे ४१ तास झाले.

सुट्टीआधी सही घ्यायला गेले. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी माझी वही चाळली. वहीत तारीख, वेळ आणि मी प्रत्येकाला दिलेला क्रमांक, एवढंच. ‘मॅडम, ह्यात मुलं कुठायत? उद्या ऑडिटला विचारलं तर काय दाखवू? तुम्ही एकट्याच बसून होता?’ आज मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या लेखी नाव-सही नसलेली हजेरी म्हणजे गैरहजेरीच. त्यांनी कपाटातून हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर काढलं, पट्टी घेतली आणि माझ्यासमोर रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, वर्ग, मोबाइल, समस्येचे स्वरूप, सही. ‘भरून आणा, लगेच शिक्का मारतो.’

मी भरलं. एका दुपारी बसून, आठवून आठवून, चांगल्या अक्षरात. माझी काळजी काय, तर ‘समस्येचे स्वरूप’मध्ये मी मवाळ शब्द वापरले. ‘अभ्यासात लक्ष न लागणे.’ ‘घरगुती.’ ‘परीक्षेची भीती.’ एका मुलापुढे नुसतं ‘झोप’ लिहिलं. वाटलं, ह्यातून कुणाला काय कळणार? सहीचा रकाना रिकामा होता, तर ठरलं की मुलं पुढच्या वेळी येतील तेव्हा घ्यायच्या. म्हणजे समोर रडून उठलेल्या मुलापुढे मी ते रजिस्टर उघडणार, आणि तो सही करता करता वरच्या सोळा जणांची नावं वाचणार. हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

आमच्या मार्गदर्शक बाई गुरुवारी भेटायच्या. मी हे केलं मंगळवारी. दोन दिवस थांबले असते, नाहीतर एक फोन केला असता तर त्यांनी तिथल्या तिथे हात धरला असता. पण सही मिळतेय म्हटल्यावर मला धीर नव्हता.

सह्या घ्यायची वेळ आलीच नाही. रजिस्टर राहिलं ऑफिसच्या खिडकीपाशी, बोनाफाइडच्या रजिस्टरवर. सुट्टीनंतर परीक्षा अर्जांची रांग तिथूनच लागायची. रांगेत उभ्या पोरांच्या हाताला जे लागतं ते उघडलं जातं, त्यात त्यांचा तरी काय दोष? ‘झोप’ लिहिलेला मुलगा कमवा व शिका योजनेतला. सकाळी बागेत काम, मग लेक्चर, मग प्रॅक्टिकल. हॉस्टेलच्या मेसमध्ये पोरं त्याला ‘ए झोप’ म्हणून हाक मारायला लागली. मला हे त्यानेच येऊन सांगितलं. दारात उभा राहून, सॅक खांद्यावरच. ‘मॅडम, तुम्ही म्हणाला होता, इथलं इथंच राहतं.’ आवाज चढलेला नव्हता. मी ‘आत तर ये’ म्हटलं. ‘नको, मेसची वेळ झाली’ म्हणाला. सव्वाचार वाजले होते.

मी ऑफिसात धावले. पान फाडू द्या म्हटलं, तर ‘ही कार्यालयीन नोंद आहे, पान फाडता येत नाही.’ व्हाइटनर? ‘खाडाखोड चालत नाही.’ शेवटी रजिस्टर कपाटात गेलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत माझ्याकडे तीन मुलं आली, तिन्ही बाहेरच्या कॉलेजांतली, ज्यांच्या कानावर काही गेलं नव्हतं.

आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती सही? मधल्या काळात साहेब बदलले. नवे म्हणाले, प्रमाणपत्र तुमच्या विभागानं द्यावं, आम्हाला अधिकार नाही. विभाग म्हणाला, जिथे बसलात त्यांनी द्यावं. पत्र तीन आठवडे ह्या ट्रेमधून त्या ट्रेमध्ये. अखेर बाईंनी स्वतःच्या सुपरव्हिजनच्या वहीत ज्या सत्रांची चर्चा झाल्याची नोंद होती तेवढीच धरली. २३ तास. बाकीचे मी मे महिन्यात एका संस्थेत भरले, रोज दोन बस बदलून. निकाल सहा महिने लांबला. पण तास परत भरता आले. तो मुलगा पुन्हा माझ्याकडेच काय, कुठल्याही समुपदेशकाकडे गेला असेल असं मला वाटत नाही.

आता तुझ्याकडे. ऑफिसशी भांडू नकोस आणि गुळमुळीत ‘गोपनीयता असते हो सर’ असंही म्हणू नकोस. त्यांना काहीतरी कागद लागणार आहे. तो तू करून दे. बहुतेक वेळा त्यांना हवे असतात आकडे: नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला विद्यार्थी साहाय्याच्या भागात, वार्षिक अहवालाला, कुठल्या तरी बैठकीला. महिन्याचा एक पानी तक्ता दे. एकूण सत्रं, त्यात नवे किती, पुन्हा आलेले किती, एकूण तास. वर्गसुद्धा टाकू नकोस. एखाद्या विभागात एमएस्सीला दहाच मुलं असतात, त्यात मुली तीन. ‘एमएस्सी द्वितीय, स्त्री’ असं लिहिलंस की नाव लिहिल्यासारखंच आहे. कारणांचा रकाना तर अजिबात नको, मवाळ शब्दांतही नको. माझ्या मवाळ शब्दाचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी एकच, ती केंद्राच्या प्रमुख समुपदेशकाच्या कुलपात. केंद्राला पूर्णवेळ समुपदेशकच नसेल (असं तुझ्या पोस्टवरून वाटतंय) तर तुझ्या मार्गदर्शकांकडे. तुझ्या मोबाइलच्या नोट्समध्ये नको, गूगल शीटमध्ये तर नकोच. तक्त्यावर प्रतिस्वाक्षरी त्यांचीच. आणि तुझ्या विभागप्रमुखांच्या सहीचं एक पत्र हवं, त्यात तीनच गोष्टी: तास कशाला धरायचे, त्यावर सही कुणी करायची, नोंदी कुणी बघायच्या. पहिला मुलगा खुर्चीत बसायच्या आधी हे पत्र असायला हवं होतं. नाहीये, तर ह्या आठवड्यात कर. ठरलेल्या वेळी मूल आलंच नाही तर तो तास धरायचा का, हेही त्यातच लिहून घे. आमच्याकडे धरत नव्हते, आणि हे मला नोव्हेंबरात कळलं.

कायद्याचं थोडं. मी वकील नाही, हे आधीच सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये कलम २३ गोपनीयतेच्या हक्काचं आहे. तो मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या उपचारांच्या संदर्भात लिहिलेला आहे. प्रशिक्षणार्थीच्या वहीला तो कितपत लागू होतो ह्यावर वाद घालता येईल. पण माझा अनुभव असा की पत्रात कलमाचा आकडा दिसला की समोरचा खुर्चीत जरा सरळ बसतो. विभागप्रमुखांना विचारून घाल.

आणि उलट बाजूनंही एक. ‘काहीही झालं तरी कुणालाच सांगणार नाही’ असं मुलांना म्हणू नकोस. मी म्हणायचे, फुशारकीनं. जीवाला धोका वाटला तर तुला मार्गदर्शकांना सांगावंच लागेल, रात्री दहा वाजतासुद्धा. दुसरं म्हणजे पहिल्या वर्षाची काही मुलं अजून १८ पूर्ण नसतात. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सोच्या (लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तू शिकाऊ आहेस म्हणून सूट नाही. म्हणून पहिल्याच सत्रात वय विचार आणि मर्यादा सांग. अशा वेळी एकटीनं काही ठरवू नकोस, फोन कर. माझ्यासारखी मंगळवारची घाई नको.

एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही, विषयाबाहेरची वाटली तर सोडून दे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. चांगलंच झालं. पण आता काही ठिकाणी एमएच्या पोरींना फुकटात खुर्चीत बसवून ‘आमच्याकडे समुपदेशक आहे’ असं दाखवायची हौस आलीय. शिकाऊ मुलगी म्हणजे नेमलेला समुपदेशक नव्हे. दारावरच्या पाटीवर तुझ्या नावापुढे ‘समुपदेशक’ लिहिलं असेल तर ‘प्रशिक्षणार्थी’ लिहून घे, आणि मुलांनाही तसंच सांग. कुणी उठून जात नाही त्यामुळे. उलट काही मुलांना बरं वाटतं, ही पण शिकतेय म्हणून. त्याच निर्देशांत हॉस्टेलांत आणि वर्गांत टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर ठळक लावायला सांगितलंय. १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तुझ्या खोलीच्या दारावर बाहेरून लाव. तू नसताना येणारा निदान तो तरी वाचेल.

मुलं येत नाहीत त्याबद्दल. पोस्टरनं येत नाहीत. ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ असलं पोस्टर तर उलट पळवून लावतं. आपल्याकडची पोरं म्हणतात ‘डोकं चालत नाय’, ‘टेन्शन आलंय’, ‘वाचलेलं राहत नाय’. तेच शब्द वापर. प्राध्यापकांना विचारून लेक्चरच्या आधी पाच मिनिटं माग आणि फक्त एवढं सांग: कुठली खोली, किती वाजता, नाव कुठे लिहावं लागत नाही. शेवटचं सांगता यावं म्हणूनच आधी रजिस्टर मिटव. वेळ अकरा ते एक ठेवली असशील तर बदल. त्या वेळी मुलं लेक्चरला असतात आणि प्रॅक्टिकलवाली तर पाचपर्यंत अडकलेली. माझ्याकडच्या मुली साडेचार ते साडेसहा बसतात. अभ्यासिकेत एमपीएससी करणारी जुनी मुलं असतात, त्यांना विसरू नकोस. तिसऱ्यांदा प्रिलिम गेलेला मुलगा स्वतःहून येत नाही, पण मित्राला सोडायला येतो आणि बाहेर बसून राहतो. त्यालाही पाणी विचार.

येणाऱ्यांतल्या निम्म्यांची गोष्ट शेवटी पैशांवर येते, हेही ऐकून ठेव. शिष्यवृत्तीचा हप्ता जमा नाही, मेसचं बिल थकलंय, घरी सांगता येत नाही. तिथे नुसती सहानुभूती पुरत नाही. शिष्यवृत्तीची खिडकी कुठली आणि तिथे नीट बोलणारं माणूस कोण, हे तुला माहीत हवं. हे कुठल्याही पेपरला नव्हतं आम्हाला, तुम्हालाही नसेल.

खोलीतलं छोटं: घड्याळ मुलाच्या पाठीमागच्या भिंतीवर लाव, म्हणजे मनगटाकडे बघावं लागत नाही. दाराला काच असेल तर खालची अर्धी कागदानं झाक, वरची राहू दे.

आणि पत्राच्या दोन प्रती ने. एक आवकला दे, दुसरीवर पोच घे, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर तिथेच बसून राहा. बहुतेक ऑफिसं दीडला डबा उघडतात, त्यामुळे बाराच्या आत जा. पोच मिळाली की इथे लिही, आणि तोवर जे रजिस्टर पुढे सरकवलं जाईल त्यावर पेन टेकवू नकोस.